काच स्वस्त, चर महाग

लँकेशायर हे नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचलेले असेल. इंग्लंडच्या वायव्य भागातली ही एक काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा प्रदेश. एके काळी कापडाच्या गिरण्यांसाठी ती जगभर प्रसिद्ध होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस येईनासा झाला. तेव्हा याच गिरण्यांची भूक भागवायला आपल्या वऱ्हाड-खानदेशातला कापूस मुंबई बंदरातून बोटी भरभरून गेला. त्यामुळे लँकेशायर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धुरांडीच उभी राहतात.

पण या काउंटीच्या उत्तर भागात गेलात तर एकही धुरांडे दिसणार नाही. तिथे लून नदीचे खोरे आहे. हिरवी कुरणे, दगडावर दगड रचून चुन्याशिवाय उभ्या केलेल्या भिंती, मेंढ्या, दुभत्या गाई आणि दूर दूर विखुरलेली शेतघरे. कित्येक ठिकाणी एका घरापासून दुसरे घर अर्धा-एक किलोमीटर लांब. इथल्या शेतकऱ्याकडे वासरू जन्मले की त्याच्या कानात बिल्ला अडकवायचा आणि जन्मापासून २७ दिवसांच्या आत त्याच्या पासपोर्टसाठी सरकारकडे अर्ज करायचा, असा नियम आहे. होय, वासराचा पासपोर्ट! तो नसला तर ते जनावर बाजारात नेता येत नाही. हा अर्ज इंटरनेटवरून करता येतो. बँकेचे व्यवहार, सरकारी अनुदान, मुलांचा गृहपाठ, सगळे हळूहळू इंटरनेटवर गेले. आणि या खोऱ्यातल्या शेतघरांत एक पान पडद्यावर उमटायला मिनिटामागून मिनिटे जात.

आता तुम्ही म्हणाल, इंग्लंडसारख्या सधन देशात अशी स्थिती कशी? प्रकाशतंतूतून संदेश पाठवण्याची कल्पना तर त्याच देशातल्या प्रयोगशाळेत आकाराला आली. मग दोनशे मैलांवरच्या खेड्यात तो तंतू का पोचला नाही? या प्रश्नाचे अर्धे उत्तर पदार्थविज्ञानात आहे आणि अर्धे कुदळ-फावड्यात. दोन्ही अर्धे आपण क्रमाने पाहू.

तांब्याची तार कुठे थकते?

‘ब्रॉडबँड’ या शब्दाचा अर्थ आहे रुंद पट्टा. कसला पट्टा? वारंवारतेचा. टेलिफोनची तार मुळात माणसाचे बोलणे नेण्यासाठी टाकलेली. बोलणे समजण्यापुरते सेकंदाला सुमारे ३०० ते ३,४०० कंपनांचे तरंग पुरतात. एवढ्या अरुंद पट्ट्यात फार माहिती मावत नाही. माहिती म्हणजे शेवटी शून्य आणि एक या दोन खुणांची लांबलचक माळ. या माळेतल्या एका मण्याला बिट म्हणतात आणि दहा लाख बिटांना मेगाबिट. सेकंदाला जितके जास्त मेगाबिट पाठवायचे तितका पट्टा रुंद हवा.

अभियंत्यांनी युक्ती केली. तार तीच ठेवली, पण बोलण्याच्या पट्ट्याच्या वर मोकळी असलेली जागा वापरायला घेतली. सेकंदाला ११ लाख कंपनांपर्यंत आणि पुढच्या सुधारणेत २२ लाखांपर्यंत. बोलणे खालच्या मजल्यावर, इंटरनेट वरच्या मजल्यावर, असे म्हणा ना! नवी तार न टाकता घरोघरी इंटरनेट आले.

पण निसर्ग फुकट काही देत नाही. वारंवारता वाढली की विजेचा प्रवाह तारेच्या सबंध जाडीतून न वाहता फक्त पृष्ठभागालगतच्या पातळ थरातून वाहू लागतो. वाट अरुंद झाली म्हणजे रोध वाढला, आणि रोध वाढला म्हणजे तरंग लवकर क्षीण झाला. लग्नाच्या वरातीचा बँड लांबून येत असतो तेव्हा आधी काय ऐकू येते? ढोल. क्लॅरिनेटचे उंच सूर वरात जवळ आल्यावरच कळतात. तांब्याच्या तारेतही, कारण वेगळे असले तरी, असेच घडते. लांबवर फक्त खालच्या वारंवारता पोचतात आणि इंटरनेट तर वरच्या वारंवारतांवर बसलेले!

म्हणून टेलिफोन केंद्रापासून किलोमीटरभराच्या आत असलेल्या घराला सेकंदाला २० मेगाबिट मिळू शकत; तीन किलोमीटरवर तो वेग आठच्या आसपास येई; पाच किलोमीटरवर एक-दोन मेगाबिट मिळाले तरी नशीब. आणि हे अंतर पक्षी उडतो तसे सरळ मोजायचे नाही, खांबांवरून वळसे घेत जाणाऱ्या तारेचे मोजायचे. त्यात जुने जोड, जोडांत शिरलेले पावसाचे पाणी. लून खोऱ्यात पाऊस काही कमी नाही.

आणखी एक गोष्ट. या पद्धतीत घरी येणाऱ्या माहितीला पट्ट्याचा मोठा भाग दिलेला असे आणि घरून जाणाऱ्या माहितीला लहानसा. लोक घेतात जास्त आणि देतात कमी, असे त्यामागचे गृहीत. समजा तुमच्या घरून माहिती बाहेर पाठवण्याचा वेग सेकंदाला ०.४ मेगाबिट आहे आणि तुम्हाला एक गिगाबाइटची चित्रफीत पाठवायची आहे. एक गिगाबाइट म्हणजे सुमारे ८,००० मेगाबिट. भागाकार करून पाहा. २०,००० सेकंद, म्हणजे साडेपाच तास! सेकंदाला १,००० मेगाबिट वेग असेल तर हेच काम आठ सेकंदांत होते.

पुढे ब्रिटनमध्ये रस्त्याकडेच्या हिरव्या लोखंडी पेट्यांपर्यंत प्रकाशतंतू आणण्यात आले. पेटीपासून घरापर्यंत मात्र जुनी तांब्याची तारच राहिली. शहरात आणि मोठ्या गावात याचा चांगला फायदा झाला, कारण तिथे पेटी घरापासून दोन-तीनशे मीटरवर असते. किलोमीटर-दीड किलोमीटरच्या पुढे मात्र हा फायदा जवळजवळ संपतो. त्यामुळे गावाच्या मध्यभागी वेग सुधारला, कागदोपत्री गाव ‘जोडलेले’ ठरले आणि शिवारातली घरे होती तिथेच राहिली. सरासरीचे आकडे वाचताना ही गोष्ट नेहमी लक्षात ठेवा.

झाडे आडवी आली

तारेचा त्रास नको तर बिनतारी का नाही, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. तोही प्रयोग इथे झाला होता. लून खोऱ्यात रे नावाचे एक खेडे आहे. लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथे बिनतारी जाळे उभारून पाहिले. पण बिनतारी इंटरनेटचे सूक्ष्मतरंग पाण्यात शोषले जातात आणि झाडाच्या पानांत पाणी भरपूर असते. हिवाळ्यात निष्पर्ण झाडांतून जाणारा संदेश उन्हाळ्यात पालवी फुटली की अडतो.

याच रे गावच्या क्रिस कॉन्डर या शेतकरी बाई. त्यांच्या शेजारच्या शेतघराला येणारा बिनतारी संदेश मधल्या झाडांनी अडवला. झाडे वाढतच होती. शेवटी बाईंनी किलोमीटरभर प्रकाशतंतूची केबल विकत आणली, शेतातला ट्रॅक्टर काढला, चर खणला आणि केबल शेजाऱ्यापर्यंत नेऊन पोचवली. दोन शेतघरे जोडली गेली. किलोमीटरभर केबल ही काही सोन्याच्या भावाची वस्तू नाही, आणि ती पुरायला लागणारी अवजारे शेतकऱ्याच्या गोठ्यात असतातच, हे या खटाटोपातून खोऱ्यातल्या लोकांना कळून चुकले.

केसाएवढ्या काचेचा प्रवास

हा प्रकाशतंतू म्हणजे आहे तरी काय? अतिशुद्ध काचेचा एक धागा. त्याची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. त्याच्या मधोमध अवघ्या नऊ मायक्रॉन जाडीचा गाभा असतो. गाभ्याच्या काचेचा अपवर्तनांक बाहेरच्या काचेपेक्षा किंचित जास्त, एक टक्क्याहूनही कमी फरकाने, ठेवलेला असतो. त्यामुळे गाभ्यातून जाणारा प्रकाश काठाला तिरपा आदळला की बाहेर न पडता पुन्हा आत परततो. यालाच पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. (इतक्या बारीक गाभ्यात किरणांचे हे चित्र तंतोतंत लागू पडत नाही, तिथे प्रकाशाला लहर मानून गणित करावे लागते. ते तुम्ही पुढे महाविद्यालयात शिकाल.)

हे तुम्हाला घरीही पाहता येईल. प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाटलीला तळापासून चार बोटे उंचीवर एक गोल भोक पाडा. भोकावर बोट दाबून बाटली पाण्याने भरा. खोलीत अंधार करा. भोकाच्या बरोबर समोरच्या बाजूने बाटलीत टॉर्चचा झोत टाका आणि बोट काढा. पाण्याची धार वाकून खाली पडेल, ती तळहातावर झेला. हातावर उजेडाचा ठिपका नाचताना दिसेल. सरळ रेषेत जाणारा प्रकाश धारेबरोबर वाकडा गेला! जिनिव्हा येथे कोलाडाँ या शास्त्रज्ञाने १८४१ च्या सुमारास हा प्रयोग दाखवला होता आणि १८५४ मध्ये लंडनला जॉन टिंडलने. टॉर्चऐवजी लेझरचा पॉइंटर मात्र शिक्षक जवळ असल्याशिवाय वापरू नका, डोळ्यांना इजा होते.

१९५४ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजात नरिंदरसिंग कपानी या पंजाबात जन्मलेल्या तरुण संशोधकाने आपले मार्गदर्शक हॉपकिन्स यांच्याबरोबर काचतंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेऊन दाखवले. पण ही सगळी हातभर अंतराची कामे. दूरवर संदेश नेण्यात अडचण काचेच्या मलिनतेची होती. त्या काळच्या चांगल्या काचेतूनही वीस मीटर गेल्यावर शंभरातला एक भाग प्रकाश उरे. १९६६ मध्ये इंग्लंडमधल्या हार्लो येथील प्रयोगशाळेत काम करणारे चार्ल्स काओ आणि त्यांचे सहकारी जॉर्ज हॉकहॅम यांनी सांगितले की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या लोखंडासारख्या अशुद्ध द्रव्यांचा आहे. ती काढून टाका. एक किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग प्रकाश उरेल इतपत काच शुद्ध झाली तरी टेलिफोनला ती उपयोगी पडेल. लोकांना हे स्वप्नरंजन वाटले. चारच वर्षांनी, १९७० मध्ये, अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ या तिघांनी त्याहून चांगला तंतू करून दाखवला. काओंना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

आजचा तंतू तर असा आहे की ५० किलोमीटर गेल्यावरही दहातला एक भाग प्रकाश शिल्लक असतो. लून खोऱ्यापासून मँचेस्टर शहर सुमारे ७५ किलोमीटर आहे. तेवढ्या अंतरात प्रकाश शंभर भागांवरून तीन भागांवर येतो, पण पलीकडच्या संवेदकाला तेवढा भरपूर झाला. तांब्याची तार जिथे पाच किलोमीटरवर गुडघे टेकते तिथे काच मध्ये कुठेही न थांबता ७५ किलोमीटर पळते! आणि ही काच दुर्मिळ राहिलेली नाही. काचेची जाड कांडी सुमारे २,००० अंश सेल्सियसला तापवून तिच्यातून शेकडो किलोमीटर धागा ओढतात. आपल्या महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज येथेही असा कारखाना आहे.

मग घोडे कुठे अडले?

चरात. तंतू जमिनीखाली घालायला चर खणावा लागतो आणि सगळा खर्च तिथे जातो. एक सोपा हिशेब करू. समजा शहरातल्या एका रस्त्यावर एक किलोमीटर चर खणला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून १०० घरे आहेत. प्रत्येक घराच्या वाट्याला १० मीटर चर आला. आता खोऱ्यात तोच एक किलोमीटर चर खणला आणि वाटेत दोनच शेतघरे लागली. प्रत्येकाच्या वाट्याला ५०० मीटर! खर्च पन्नासपट, आणि दरमहा मिळणारे भाडे मात्र दोन्हीकडे सारखेच. कंपनीच्या हिशेबनिसाने खोऱ्यापुढे फुली मारली तर त्यात नवल नाही. त्याला दोष देण्यात अर्थही नाही. ज्या हिशेबात तो बसला आहे त्यात दुसरे उत्तर येत नाही.

लून खोऱ्यातल्या लोकांनी तो हिशेबच बदलायचे ठरवले. २०११ मध्ये आठ पॅरिशांनी, म्हणजे आठ ग्रामपंचायतींच्या हद्दींतल्या लोकांनी, एक संस्था काढली. नाव ‘ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ’, उत्तरेच्या ग्रामीण भागासाठी ब्रॉडबँड. आद्याक्षरांवरून त्याचा उच्चार होतो ‘बार्न’. इंग्रजीत बार्न म्हणजे शेतावरचे कोठार, तेव्हा नाव शोभूनच दिसते. लँकेस्टर विद्यापीठात संगणक-जाळ्यांचे काम केलेले बॅरी फोर्ड हे तिचे तांत्रिक सूत्रधार आणि क्रिस कॉन्डर या संस्थापकांपैकी एक. आपल्याकडच्या सहकारी दूध संस्थेसारखीच तिची घडण. शेअर विकून भांडवल जमवायचे, पण मत प्रत्येक सभासदाला एकच, मग त्याचे शेअर दहा असोत की दहा हजार. नफा झाला तर तो गावांच्या कामी लावायचा.

आता युक्ती पाहा. चर महाग का पडतो? डांबरी रस्ता फोडायचा, त्यासाठी परवानगी काढायची, वाहतूक वळवायची, खणून झाल्यावर रस्ता पुन्हा होता तसा करायचा. या लोकांनी रस्ताच सोडला आणि चर कुरणांतून नेला. तिथे माती मऊ. वरची गवताची साल कापून बाजूला ठेवायची, अर्ध्या मीटरच्या आसपास खोल खणायचे, नळी टाकायची, माती लोटायची आणि गवताची साल परत बसवायची. काही आठवड्यांत गवत असे वाढते की चर कुठून गेला ते मेंढ्यांनाही कळू नये. दगडी भिंत आडवी आली की तिच्याखालून जायचे किंवा तेवढे दगड उतरवून पुन्हा रचायचे. रस्ता जिथे ओलांडावाच लागतो तिथे तो ओलांडायचा, पण तेवढ्यापुरताच.

कुणाच्या शेतातून कंपनीची केबल न्यायची तर ब्रिटनमध्ये मालकाला मोबदला द्यावा लागतो. इथे शेतकऱ्यांनी तो सोडून दिला, कारण केबल त्यांचीच होती. खणणारेही गावचेच. कुणी लहान खोदयंत्र चालवले, कुणी फावडे मारले, ज्यांना तेही जमत नव्हते त्यांनी नकाशे काढले, मालकांच्या गाठी घेतल्या, खणणाऱ्यांना चहा-केक पोचवला. ज्यांनी चर खणला त्यांना श्रमाच्या मोबदल्यात संस्थेचे शेअर घेता येत. स्वतःच्या परसातला चर मात्र ज्याचा त्याने खणायचा, असा दंडक होता.

नळी पडली की मग तंतूची पाळी. केसाएवढा तंतू लांबच लांब नळीत ओवायचा कसा? ढकलला तर तो दुमडेल, ओढला तर तुटेल. म्हणून दाबाखालची हवा नळीत सोडतात. हवा तंतूला सगळ्या लांबीवर उचलून धरते आणि वाऱ्यावर तरंगणाऱ्या दोऱ्यासारखा तो पुढे जातो. दोन तंतूंची टोके जोडायला विजेच्या ठिणगीने काच वितळवतात आणि ती एकजीव करतात. हे काम भिंगाखाली करावे लागते. गावच्या स्वयंसेवकांपैकी काही जण हे जोडकामसुद्धा शिकले. ज्या हातांनी मेंढ्यांची लोकर कातरली त्याच हातांनी नऊ मायक्रॉनचा गाभा समोरासमोर जुळवला!

२०१२ मध्ये क्वर्नमोर या गावापासून घरे जोडायला सुरुवात झाली. वेग सेकंदाला १,००० मेगाबिट, येतानाही आणि जातानाही. भाडे महिना ३० पौंड. त्या वर्षाअखेर सबंध ब्रिटनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १२ मेगाबिट होता. म्हणजे मेंढपाळाच्या घरातला वेग राजधानीतल्या बहुतेक घरांच्या कितीतरी पट! गावातल्या शाळांना संस्थेने जोडणी मोफत दिली. २०१५ मध्ये फोर्ड आणि कॉन्डर या दोघांना एम. बी. ई. हा सरकारी किताब मिळाला. पुढे संस्था शेजारच्या कंब्रिया आणि यॉर्कशायरमध्येही पसरली आणि जोडलेली घरे दहा हजारांच्या वर गेली. मार्च २०२० मध्ये साथीमुळे इंग्लंडमधल्या शाळा बंद झाल्या आणि मुलांना घरून शिकावे लागले, तेव्हा एकाच घरात दोन मुलांचे वर्ग आणि आईवडिलांचे काम एकदम चालवणे म्हणजे काय, हे तांब्याच्या तारेवर राहिलेल्या घरांना विचारावे.

ही गोष्ट ऐकून कुणाला वाटेल, मग सगळीकडे असेच का करत नाहीत? ते तितके सोपे नाही. एका मालकाने नाही म्हटले की चराला वळसा घ्यावा लागतो. जाळ्याचे शास्त्र जाणणारा, सवड असलेला माणूस प्रत्येक खोऱ्यात नसतो. वर्षानुवर्षे शनिवार-रविवार फावडे मारण्याचा उत्साह टिकवणेही अवघड. स्वयंसेवकांचे श्रम फुकट मिळाले म्हणजे ते फुकटचे असतात असे नाही. कंपनीने जो खर्च टाळला तो गावाने आपल्या पाठीवर घेतला एवढाच त्याचा अर्थ.

राहिलेल्या घरांसाठी ब्रिटिश सरकारने मार्च २०२० पासून एक हक्क दिला. ज्या घराला सेकंदाला १० मेगाबिट मिळत नाहीत त्याने मागणी केल्यास जोडणी द्यावी लागते. पण खर्च ३,४०० पौंडांपर्यंतच सोसला जाईल, वरचा भार मागणाऱ्यावर. पुन्हा तोच चर! लांबच्या शेतघराच्या चराचा खर्च या मर्यादेत बसणे कठीण. अशा घरांना उपग्रहाचा आधार आहे. पूर्वीचे दळणवळण उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंच. प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत संदेशाला ही उंची चार वेळा पार करावी लागते. प्रकाशाच्या वेगाने गेला तरी अर्धा सेकंद लागतो, आणि बोलताना तो जाणवतो. अलीकडचे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात, त्यामुळे ही अडचण पुष्कळ कमी झाली आहे.

आपल्या देशातही याच सुमारास, ऑक्टोबर २०११ मध्ये, अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना मंजूर झाली. २०१५ पासून तिचे नाव भारतनेट आहे. तंतू ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत येतो. तिथून वाडी-वस्तीवरच्या घरापर्यंतचा चर कुणी खणायचा, हा प्रश्न आपल्यापुढेही तसाच उभा राहतो. शिक्षकांना सुचवावेसे वाटते की विद्यार्थ्यांकडून गावाचा नकाशा काढून घ्यावा, त्यावर पंचायत कार्यालयापासून सर्व घरांना जोडणारी सर्वांत कमी लांबीची रेघ शोधायला सांगावी आणि तिला घरांच्या संख्येने भागावे. गावठाणाचा आणि वस्तीचा आकडा वेगवेगळा काढला तर फार उद्बोधक ठरेल.

काचेतून वीज जात नाही

शेवटी काचेच्या एका उणिवेबद्दल सांगायला हवे. जुन्या टेलिफोनला घरची वीज लागत नसे, हे तुमच्या आजी-आजोबांना आठवत असेल. केंद्रातल्या बॅटऱ्यांची वीज त्याच तांब्याच्या तारेतून घरापर्यंत येई. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. तेव्हा तंतूच्या टोकाशी असलेल्या पेटीला घरचीच वीज द्यावी लागते.

५ डिसेंबर २०१५ च्या रात्री डेसमंड वादळाच्या पावसाने लून नदीला पूर आला आणि लँकेस्टर शहराचे वीज उपकेंद्र पाण्याखाली गेले. सुमारे ६०,००० घरे अंधारात बुडाली. थोड्याच वेळात मोबाइलचे मनोरे बंद पडत गेले, घरोघरचे इंटरनेट गेले. चालू राहिले ते तारेला थेट जोडलेले जुने टेलिफोन. ब्रिटनमध्ये ही जुनी टेलिफोन व्यवस्था आता बंद करायची आहे. आधी २०२५ अखेरची मुदत होती, ती जानेवारी २०२७ पर्यंत पुढे ढकलली. ज्यांचा सगळा भरवसा घरच्या टेलिफोनवर आहे त्यांच्यासाठी कंपन्यांनी निदान एक तास पुरेल अशी बॅटरीची सोय करावी, असे तिथल्या नियंत्रक संस्थेने २०१८ मध्ये सांगितले. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये आर्वेन वादळ आले तेव्हा ब्रिटनमधली जवळजवळ ४,००० घरे आठवड्याहून अधिक काळ विजेविना होती, आणि त्यांत दुर्गम घरेच जास्त.

किती मोठी बॅटरी लागेल? हिशेब तुम्हीच करा. तंतूच्या टोकाची पेटी आणि राउटर मिळून समजा १५ वॉट वीज घेतात. आपल्याकडच्या घरगुती इन्व्हर्टरची बॅटरी साधारण १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची असते. गुणाकार केला की १,८०० वॉट-तास आले, त्याला १५ ने भागले की १२० तास, म्हणजे पाच दिवस. इन्व्हर्टरमध्ये काही वीज वाया जाते आणि बॅटरी अगदी रिकामी करायची नसते, तेव्हा तीनच दिवस धरा. आणि तंतूच्या दुसऱ्या टोकाला, गावातल्या मुख्य पेटीलाही, तितकाच वेळ वीज मिळाली पाहिजे हे धरायला विसरू नका.